कर्मवीर दादासाहेब गायकवाड : आंबे दिंडोरी ते दिल्ली

आमच्या विहारात पाऊल ठेवलं की समोर तथागत भगवान बुद्धांची मूर्ती दिसते. शेजारच्या भिंतीवर बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मोठी तसबीर आहे आणि तिच्याखाली, जरा लहान चौकटीत, एका वयस्कर गृहस्थांची तसबीर आहे. रविवारच्या वंदनेला येणारी लहान मुलं पहिल्या दोघांना बरोबर ओळखतात. तिसऱ्या तसबिरीजवळ मात्र अडतात. "हे आजोबा कोण?" असं विचारतात. त्यांच्या आईबापांपैकीही पुष्कळांना "ते आपले दादासाहेब" यापलीकडे सांगता येत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. आम्हा वडीलधाऱ्यांनीच कधी नीट सांगितलं नाही. म्हणून विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका काढायची ठरली तेव्हा तिच्यात या तिसऱ्या तसबिरीचा इतिहास यावा, असे आम्ही सर्वांनी मिळून ठरविले.

केवळ गुणगान करायचे असते तर एका पानात काम भागले असते. जयंतीच्या भाषणात आपण ते दरवर्षी करतोच. पण कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांची कारकीर्द म्हणजे आपल्या समाजाच्या राजकारणाचा जमाखर्च आहे. काय मिळवलं, कुठे फाटलं आणि काय अजून येणे बाकी आहे, हे सगळं त्या एका माणसाच्या आयुष्यात दिसतं. जमाखर्च लिहायचा तर दोन्ही बाजू लिहिल्या पाहिजेत. तसा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

गावकीतून आलेला माणूस

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात, आंबे या गावी झाला. लोक त्या गावाला आंबे दिंडोरी म्हणूनच ओळखतात. त्यांच्याजवळ कॉलेजची पदवी नव्हती. बॅरिस्टरी नव्हती. त्यांना अवगत होतं ते गाव. गावात महाराला काय करावं लागतं आणि त्याच्या बदल्यात काय मिळतं, हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

आजच्या पिढीला महार वतन म्हणजे काय हे समजावून सांगावे लागते. गावची चाकरी करायची, सरकारी टपाल आणि निरोप पोचवायचे, साहेब आला की त्याच्या दिमतीला उभे राहायचे, मेलेलं ढोर ओढायचं. रात्र-अपरात्र नाही, आजारपण नाही, घरातला एक गेला नाही तर दुसरा हजर पाहिजे. याच्या बदल्यात थोडी वतनाची जमीन आणि गावाकडून बलुतं. त्या जमिनीचे वारसांत तुकडे होत होत शेवटी अशी गत झाली की पीक कमी आणि वाटेकरी जास्त. जमीन नावाला आपली, पण तिनेच आपल्याला गावच्या खुंट्याला बांधून ठेवलेले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल आणले ते याच कारणासाठी. हा गुंता ज्यांना पहिल्यापासून नेमका समजला, त्यांत भाऊराव होते. पुढे आयुष्यभर ते जमिनीचा प्रश्न धरून बसले, त्याचं मूळ इथे आहे.

काळारामाचे बंद दार

नाशिकचे भाऊराव साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाले ते काळाराम मंदिर सत्याग्रहामुळे. सत्याग्रह समितीचे चिटणीस ते होते. २ मार्च १९३० रोजी हजारो सत्याग्रही नाशिकच्या रस्त्यावरून शिस्तीत चालत मंदिरापर्यंत गेले. मंदिराची दारं बंद होती. दुसऱ्या दिवसापासून चारही दारांवर सत्याग्रहींच्या तुकड्या बसल्या. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या, ही गोष्ट आमच्या उपासिका भगिनींनी मुद्दाम लक्षात ठेवावी. त्या वर्षी रामनवमीला रथ दोन्हीकडच्या लोकांनी मिळून ओढायचा असा समझोता झाला होता. आयत्या वेळी रथ पळविला गेला आणि आपल्या लोकांवर दगडफेक झाली.

सत्याग्रह एका दिवसाचा नव्हता. तो पाच वर्षे कमी-अधिक जोराने चालू राहिला. पाच वर्षे लढा चालवणं म्हणजे काय, ते ज्याने एखादी जयंती पार पाडली आहे त्याला विचारा. गावोगाव निरोप पाठवायचे, आलेल्या माणसांच्या भाकरीची सोय करायची, कुणाला अटक झाली तर जामीन आणि वकील पाहायचे, मागे घरी राहिलेल्यांना गावाने छळलं तर तिकडे धावायचं. बाबासाहेब मुंबईत, मध्यंतरी गोलमेज परिषदेसाठी विलायतेत. नाशिकची धुरा भाऊराव आणि त्यांच्या सोबत्यांवर. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली अनेक पत्रे पुढे छापून प्रसिद्ध झाली. ती वाचली म्हणजे बाबासाहेबांचा या माणसावर केवढा विश्वास होता ते कळून येते.

त्यांतील ३ मार्च १९३४ चे पत्र प्रसिद्धच आहे. मूर्तीपूजक होण्यासाठी किंवा देवळात गेल्याने आपण हिंदू समाजात बरोबरीचे होऊ या आशेने ही चळवळ सुरू केली नव्हती, आपल्या माणसाला जागं करायला हा उत्तम मार्ग होता, ते काम झालं, आता मंदिरप्रवेशाची गरज उरली नाही, शक्ती राजकारणावर आणि शिक्षणावर लावावी, असा त्या पत्राचा आशय होता. चार वर्षे ज्या दारासाठी मार खाल्ला त्या दाराकडे आता पाठ फिरवा, असं सांगणारं ते पत्र! दुसरा एखादा असता तर रुसला असता. भाऊराव रुसले नाहीत. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, त्यांच्याच नाशिक जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली.

आम्हाला यात एक मोठा धडा दिसतो. देऊळ सोडता आलं, कारण देऊळ हे साध्य नव्हतंच. जमीन मात्र भाऊरावांनी कधी सोडली नाही. काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, हे कळायला पदवी लागतेच असं नाही.

कौन्सिलात आणि शिवारात

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुकीत भाऊराव नाशिक जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून आले. १९४६ पर्यंत ते आमदार होते. या पक्षाचं नाव पाहा, त्यात जातीचा उल्लेख नाही. कोकणातील खोती मोडण्याचे बिल बाबासाहेबांनी १९३७ मध्येच मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत विधानसभेवर नेला. त्यात कुणबी होते, महार होते. कसणाऱ्यांची एकी जातीच्या भिंती ओलांडून होऊ शकते, हे भाऊरावांनी त्या वर्षांत पाहिले. १९३९ च्या डिसेंबरात नगर जिल्ह्यात हरेगाव येथे वतनदारांची परिषद भरली आणि वतनी जमिनीवरील वाढीव जुडीचा निषेध झाला. नाशिक, नगर हा सारा पट्टा या प्रश्नावर जागा होता.

१९४२ साली नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. पुढची दहा-बारा वर्षे निवडणुकीच्या दृष्टीने वाईट गेली. १९४६ ला फेडरेशनचा जवळजवळ सर्वत्र पराभव झाला. १९५२ ला खुद्द बाबासाहेब उत्तर मुंबईतून पडले, १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा पडले. ज्यांनी घटना लिहिली त्यांना लोकसभेचं दार जनतेच्या मतांनी उघडता आलं नाही. ते राज्यसभेतून संसदेत गेले. त्या काळातही काम थांबलं नव्हतं. १९५३ साली मराठवाड्यात फेडरेशनने पडीक जमिनीसाठी सत्याग्रह केला. निवडणुकीत हरलेला पक्ष शिवारात उभा होता.

१९५७ : नाशिकची खासदारकी

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला आणि दोन महिनेही उलटले नाहीत तोच ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी दादरला अंत्यविधीच्या जागीच हजारो लोकांनी दीक्षा घेतली. समाज पोरका झाला होता आणि निवडणूक तीन महिन्यांवर आली होती.

इथे एक कायद्याची अडचण समजून घेतली पाहिजे, कारण तिचा परिणाम पुढे तेहतीस वर्षे आपण भोगला. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा म्हणून मानला जाणारा माणूस हिंदू असला पाहिजे अशी अट होती. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. बौद्धांचा नाही. म्हणजे ज्याने उघडपणे दीक्षा घेतली त्याने राखीव जागेचा हक्क सोडला. बुद्धाला शरण जा किंवा राखीव जागा घ्या, दोन्ही नाही!

दादासाहेब (आता सारा महाराष्ट्र भाऊरावांना याच नावाने हाक मारीत होता) नाशिक मतदारसंघातून लोकसभेला उभे राहिले. नाशिकची जागा राखीव नव्हती. फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झाले होते आणि समितीची लाट होती. खरं सांगायचं तर एकट्या आपल्या समाजाच्या मतांवर ती जागा निघाली नसती. ती मराठा, माळी, कामगार, शहरातला मध्यमवर्गीय, सगळ्यांच्या मतांवर निघाली. दादासाहेब खासदार झाले. त्याच निवडणुकीत बी. सी. कांबळे कोपरगावातून आणि दत्ता कट्टी चिकोडीतून लोकसभेत गेले.

क्षणभर थांबून याचा विचार करा. ज्या नाशकात १९३० साली या माणसाला देवळाचं दार उघडलं नाही, त्या नाशकाने सत्तावीस वर्षांनी त्याला संसदेचं दार उघडून दिलं. देवळाच्या आत मूर्ती होती. संसदेच्या आत कायदा होता. बाबासाहेबांनी १९३४ च्या पत्रात कोणतं दार ठोठवायला सांगितलं होतं, ते लोकांना आता उमगलं. ज्यांनी गोदाकाठी दगड खाल्ले होते त्यांतले कितीतरी जण त्या वेळी हयात होते. त्यांना काय वाटलं असेल, ते त्यांनाच ठाऊक.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात फेडरेशन विसर्जित होऊन बाबासाहेबांच्या कल्पनेतील रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. हत्ती ही निशाणी घराघरांत पोचली. दादासाहेब त्याच्या पहिल्या फळीचे नेते.

दुरुस्त आणि नादुरुस्त

आता खर्चाची बाजू. पक्ष स्थापन होऊन दोन वर्षं झाली नाहीत तोच तो फुटला. एका बाजूला बी. सी. कांबळे आणि त्यांचे सहकारी, दुसऱ्या बाजूला दादासाहेब. लोकांनी नावं ठेवली, "दुरुस्त रिपब्लिकन" आणि "नादुरुस्त रिपब्लिकन". दादासाहेबांचा गट नादुरुस्त! आजही जुनी माणसं हे शब्द उच्चारतात तेव्हा हसतात, पण ते हसू कडवट असतं.

भांडण केवळ खुर्चीचं होतं असं म्हणणं सोपं आहे. त्यात खुर्ची नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. पण मुद्दाही होता. कांबळ्यांच्या बाजूचं म्हणणं असं की बाबासाहेबांनी घटना दिली आहे, आता शिकलेल्या माणसांनी घटनेच्या मार्गाने पक्ष चालवावा, मोर्चे आणि जमिनीचे लढे हा कम्युनिस्टांचा रस्ता आहे, त्यांच्या संगतीत आपली ओळख पुसली जाईल. बाबासाहेबांचा कम्युनिस्टांबद्दलचा अविश्वास सर्वांना माहीत होता, तेव्हा या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. दादासाहेबांच्या बाजूचं म्हणणं असं की आपल्या दहा माणसांतले बहुतेक जण अजून खेड्यात आहेत, दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करतात. त्यांना घटनेची कलमं सांगून पोट भरणार नाही. मोर्चाला कम्युनिस्ट येतो म्हणून भुकेचा प्रश्न सोडून द्यायचा का?

हा वाद शहर आणि खेडं, पाटलोण आणि धोतर, नोकरी आणि शेतमजुरी असाही होता. आज आमच्या विहारात बसणाऱ्यांपैकी बहुतेक जण नोकरदारांची मुलं-नातवंडं आहेत. दोन्ही बाजूंचे आम्ही वारस आहोत. शिक्षणाने आम्हाला वर काढलं हे खरं, आणि गावी राहिलेले आमचेच भाऊबंद अजून दुसऱ्याच्या शेतात राबतात हेही खरं. दोघांना एका पक्षात ठेवणारी युक्ती त्या वेळी कुणाला सापडली नाही. बाबासाहेब असते तर सापडली असती असं म्हणून आपण सुटका करून घेतो. पण बाबासाहेब नसताना चालेल अशी संघटना उभारणं हेच तर काम होतं.

दादासाहेबांनी आपला मार्ग सोडला नाही. १९५९ साली त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. पडीक सरकारी जमिनी, जंगल खात्याच्या ताब्यातील ओसाड जमिनी, गायरानं भूमिहीनांना द्या, ही मागणी. नाशिक, खानदेश, नगर, मराठवाडा इकडे तो पसरला. याच सुमारास, १ ऑगस्ट १९५९ पासून, कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा १९५८ चा कायदा अमलात आला. बाबासाहेबांनी १९२८ साली सुरू केलेलं काम तीस वर्षांनी तडीस गेलं. महाराची वेठ गेली. पण जमीन आपोआप नावावर झाली नाही. कब्जेहक्काची रक्कम सरकारात भरून ती परत मिळवायची होती, आणि मिळाल्यावरही नव्या शर्तीची, म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता न येणारी. ज्यांनी वेळेत रक्कम भरली त्यांची जमीन राहिली. ज्यांना कुणी सांगितलंच नाही, त्यांची अडकली. आजही तलाठ्याच्या ऑफिसात आपली माणसं ज्या फेऱ्या घालतात, त्यांतल्या कितीतरी फेऱ्यांची सुरुवात तिथे आहे.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने बौद्धांना राज्याच्या सवलती लागू केल्या. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र भांडण चालूच राहिले. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातून रिपब्लिकन पक्षाचा एकही उमेदवार निवडून आला नाही. फुटीची किंमत रोख चुकवावी लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दादासाहेब राज्यसभेवर गेले आणि १९६८ पर्यंत तिथे होते.

दिल्लीत खासदार, बाहेर सत्याग्रही

पुष्कळ माणसं दिल्लीला गेली की दिल्लीचीच होतात. बंगला, गाडी, पास, कमिट्या. गावचा माणूस कामाला आला तर त्याला सेक्रेटरीकडे पाठवतात. दादासाहेबांचं उलट झालं. राज्यसभेचे सभासद असताना त्यांनी आयुष्यातला सगळ्यात मोठा लढा उभारला. सभागृहात मागणी मांडायची, ऐकलं नाही तर बाहेर येऊन तुरुंग भरायचा, अशी त्यांची रीत. खासदारकी ही त्यांनी सत्याग्रहाची एक शाखा केली.

१९६४ साली रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यापुढे मागण्यांची सनद ठेवली. तिच्यात काय होतं ते आज वाचण्यासारखं आहे. संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांची तसबीर लावा. कसेल त्याला जमीन द्या. पडीक जमीन भूमिहीनांना द्या. धान्याचे भाव काबूत ठेवा. झोपडपट्टीत राहणाऱ्यांची स्थिती सुधारा. किमान वेतनाचा कायदा नीट अमलात आणा. बौद्ध झालेल्यांना सवलती द्या. अस्पृश्यांवरील अत्याचार थांबवा. नोकऱ्यांतील राखीव जागा भरा. एका बाजूला तसबीर आणि दुसऱ्या बाजूला भाकरी. दोन्ही एकाच कागदावर! सन्मान आधी की पोट आधी, हा वाद या कागदाने निकालात काढला होता. आपणच तो पुन्हा उकरून काढला.

६ डिसेंबर १९६४, महापरिनिर्वाणाचा दिवस. त्या दिवशी देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला आणि फेब्रुवारी १९६५ पर्यंत चालला. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, पंजाब इत्यादी ठिकाणी लोकांनी स्वतःला अटक करवून घेतली. अटक झालेल्यांचा आकडा तीन लाखांच्या वर सांगितला जातो. तुरुंगांत जागा पुरेना. कडाक्याच्या थंडीत बायका तान्ही मुलं कडेवर घेऊन गेल्या. नाशिकच्या शांताबाई दाणी, ज्या दादासाहेबांच्याच तालमीत तयार झाल्या होत्या, त्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी स्त्रियांना घराबाहेर काढले.

आमच्यापैकी काहींच्या आज्या त्या सत्याग्रहात होत्या. एका आजींना आम्ही विचारलं होतं, "आजी, जमिनीसाठी गेलात, मिळाली का जमीन?" आजी म्हणाल्या, "न्हाई मिळाली. पन पाटलाच्या म्होरं खाली मान घालायची सवय त्या जेलात ऱ्हायली बघ." यापेक्षा चांगला जमाखर्च आम्हाला लिहिता येणार नाही.

सरकारने बोलणी केली आणि मागण्या तत्त्वतः मान्य केल्या. 'तत्त्वतः' या शब्दाचा अर्थ आपल्या समाजाला चांगला ठाऊक आहे. २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते संसदेच्या आवारात बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. सेंट्रल हॉलमधील तसबिरीला १२ एप्रिल १९९० उजाडावा लागला. आणि त्याच १९९० साली कायदा होऊन बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्रात मिळाला. तेव्हा पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंग होते. दादासाहेब जाऊन अठरा वर्षं झाली होती. ज्यांनी झाड लावलं त्यांना फळ खायला मिळालं नाही. आमच्यातल्या ज्या मुलांना १९९० नंतर केंद्राच्या नोकऱ्या लागल्या, त्यांनी पहिल्या पगाराच्या दिवशी कुणाची आठवण काढली होती?

काँग्रेसशी समझोता

दादासाहेबांवरील टीकेचा सर्वांत मोठा मुद्दा १९६७ चा. त्या वर्षी त्यांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी निवडणूक समझोता केला. ज्या काँग्रेसला बाबासाहेबांनी जळतं घर म्हटलं, तिच्याशी हातमिळवणी? असा सवाल तेव्हाही झाला, अजूनही होतो.

दादासाहेबांची बाजू समजून घेऊ. १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या होत्या. शाळा, रस्ता, विहीर, कर्ज, सगळं तिथे ठरू लागलं. दिल्लीत आपला एक खासदार असून गावच्या विहिरीवर पाणी मिळत नाही, हे त्यांना दिसत होतं. जिल्ह्याच्या सत्तेत आपला माणूस बसला पाहिजे आणि एकट्याच्या बळावर तो बसत नाही, हे गणित होतं. गणित चुकीचं नव्हतं. पण देणाऱ्याने हात आखडता घेतला. वाट्याला आलेल्या जागा थोड्या, आणि त्यासुद्धा मेहेरबानीच्या. शिवाय एक वाईट पायंडा पडला. पक्षाचा नेता पकडला की समाज मिळाला, असा हिशेब सत्ताधाऱ्यांनी मांडला आणि पुढच्या कितीतरी नेत्यांनी तो खरा करून दाखविला. काही जण तर सरळ काँग्रेसमध्येच गेले. दादासाहेब गेले नाहीत, हा फरक आम्ही नोंदवतो. पण दार किलकिलं झालं ते त्यांच्या काळात, हेही नोंदवतो.

१९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शेवटच्या वर्षांत बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्याशीही त्यांचे मतभेद होऊन पक्षाची पुन्हा शकले झाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेबांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी मुंबईत तरुणांनी दलित पँथर काढली. रिपब्लिकन पुढाऱ्यांवर संतापलेली ती पोरं होती. त्यांचा संताप खरा होता. पण रस्त्यावर उतरून तुरुंगात जायची वाट त्यांच्याआधी एका धोतरवाल्या खासदाराने पाडून ठेवली होती, हे संतापाच्या भरात विसरलं गेलं.

येणे बाकी

२००४ साली महाराष्ट्र सरकारने त्यांच्या नावाने योजना सुरू केली : कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना. अनुसूचित जाती व नवबौद्धांतील भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन. नाव योग्य माणसाचे दिले आहे. परंतु दादासाहेबांची मागणी सरकारच्या ताब्यातील पडीक जमिनीची होती, आणि ही योजना जमीन विकत घेऊन देण्याची आहे. सरकारी भावाने जमीन विकायला तयार असलेला मालक शोधता शोधता अर्जदार म्हातारा होतो.

आणि गायरान? १४ एप्रिल १९९० पर्यंत जे मागासवर्गीय गायरान कसत होते त्यांची अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय १९९१ साली सरकारने घेतला. काहींना पट्टे मिळाले. पुष्कळांचे अर्ज पुराव्याअभावी पडून राहिले, कारण दंडाची पावती, पंचनाम्याची नक्कल कुणी जपून ठेवली नव्हती. २०११ साली गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि तेव्हापासून गायरान कसणाऱ्याच्या दारात नोटिशीची भीती उभी आहे. ज्याचा बाप १९६४ ला त्याच जमिनीसाठी तुरुंगात गेला, तो मुलगा आज कागदावर 'अतिक्रमणदार' आहे.

म्हणून या वर्धापन दिनी हार घालून थांबू नये, अशी आमची नम्र विनंती आहे. दोन कामं आपल्या हातातली आहेत. पहिलं, ज्यांच्या घरात वतनाच्या किंवा गायरानाच्या जमिनीचे जुने कागद आहेत, सातबारा, फेरफार, दंडाच्या पावत्या, जे काय असेल ते, त्यांनी पेटीतून काढून विहारात आणावे. आपल्यात वकील आहेत, निवृत्त महसूल कर्मचारी आहेत. महिन्यातून एक रविवार वंदनेनंतर ते बसतील आणि कागद पाहतील. दुसरं, ज्यांचे आजी-आजोबा, आई-वडील १९५९ च्या किंवा १९६४ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, त्यांनी त्यांची नावं, गाव आणि जेल सांगावं. विहारात एक वही ठेवली जाईल. अटक झालेल्यांचा आकडा लाखांत सांगतात, पण नावं कुठे एकत्र लिहिलेली आम्ही पाहिली नाहीत. निदान आपल्या विहाराच्या माणसांची तरी लिहू.

मग पुढच्या वर्षी एखाद्या लेकराने तिसऱ्या तसबिरीकडे बोट दाखवून "हे आजोबा कोण?" असं विचारलं, तर त्याला वही उघडून दाखवता येईल. "हे दादासाहेब. आणि हे बघ, त्यांच्याबरोबर तुझी पणजी होती."

कर्मवीरांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.

जय भीम! नमो बुद्धाय!